हौद्यात उजेड

पिकअपच्या हौद्यावर फायबरचा बंद टप बसवून घेतला तेव्हा वाटलं, सामानाची चिंता मिटली. पावसाची मिटली, धुळीची मिटली, येणाऱ्याजाणाऱ्याच्या नजरेचीही मिटली. आणि एक नवीनच सुरू झाली: आतलं काही दिसेना. भर दुपारीसुद्धा केबिनला लागून असलेल्या टोकाला अंधार. रात्री तर मोबाइल दातांत धरायचा, एका हाताने मागची काच पेलायची आणि दुसऱ्या हाताने चाचपडत बसायचं. एकदा दोरी समजून जंप केबल ओढली आणि तिच्यात अडकलेला खिळ्यांचा डबा हौद्यात उपडा झाला. ते खिळे वेचताना, गुडघ्यांवर रांगत, मी ठरवलं की आता इथे दिवा बसवायचाच.

गाडीला कंपनीचा दिवा होता, नाही असं नाही. केबिनच्या मागच्या काचेवर, तिसऱ्या ब्रेक-लाइटच्या शेजारी. पण तो उघड्या हौद्यासाठी दिलेला. टप बसल्यावर त्याचा उजेड टपाच्या कपाळावर पडतो आणि तिथेच संपतो.

आधी पळवाट शोधली. सेलवर चालणारे, मागे लोहचुंबक असलेले चपटे दिवे आणले. घरी आल्यावर लक्षात आलं की फायबरला लोहचुंबक चिकटत नसतो. मग दोन्ही बाजूंनी चिकटणारी पट्टी लावली. उन्हात टप तापला की दिवे एकेक करून खाली पडायचे. उरलेल्या एकाचे सेल आतल्या आत पाझरले आणि स्प्रिंगवर पांढरा भुगा जमला. तो प्रकार तिथेच संपवला.

दुसरी चूक जरा महागातली. छतात बसवायचा एक गोल, चांगला दणकट एलईडी दिवा घेऊन आलो. टपाच्या छताच्या मध्यावर चिकटपट्टीने तात्पुरता लावला, सुट्या बॅटरीला जोडला आणि मागून वाकून आत पाहिलं. हौदा लख्ख उजळला होता. फक्त जिथे माझा हात पोचत होता तिथे काळोख होता. कारण सरळ आहे. आपण मागून आत वाकतो, डोकं दिव्याच्या खाली किंवा पुढे जातं आणि आपलीच सावली नेमकी आपल्याला हव्या त्या वस्तूवर पडते. सामान भरलेलं असेल तर आणखी वाईट, कारण उंच खोक्यापलीकडचं सगळं त्याच्या सावलीत. एका ठिकाणचा मोठा दिवा हौद्याच्या कामाचा नाही, हे तेव्हा कळलं. उजेड दोन्ही बाजूंनी यायला हवा, म्हणजे एकाची सावली दुसरा पुसतो.

म्हणून एलईडीची पट्टी. दोन्ही कडांना, जिथे टप हौद्याच्या काठावर टेकतो त्या ओठाच्या आतून. यावेळी मी शहाणा झालो होतो; आधी चिकटपट्टीने लावून पाहिली, तीही रात्री आणि मुलीला बरोबर घेऊन. मला सगळं उत्तम वाटत होतं. ती म्हणाली, "बाबा, तू उंच आहेस म्हणून तुला कळत नाहीये. माझ्या थेट डोळ्यांत जातंय." मी गुडघे वाकवून तिच्या उंचीवर आलो. खरंच, उजेडाचे टिपके रांगेने डोळ्यांत घुसत होते आणि त्यांच्यामागचं काहीच दिसत नव्हतं. पट्टी ओठाच्या मागे सरकवून तोंड खाली आणि आतल्या बाजूला केलं, वर दुधी झाकण असलेली ॲल्युमिनियमची पन्हळ घेतली. उजेड थोडा घटला, दिसायला मात्र जास्त लागलं. रंगाचंही तसंच. ६५०० केल्विनची निळसर पांढरी पट्टी जास्त प्रखर भासते, पण तिच्यात तपकिरी दोरी आणि तपकिरी वायर एकच दिसतात. मी ४००० केल्विनची, कमी निळसर, ठेवली.

आता थोडं पट्टीबद्दल, कारण ती जवळून पाहिल्यावर मला पुढचं सगळं समजलं. १२ व्होल्टच्या पट्टीवर तीन तीन एलईडींचे गट असतात. प्रत्येक गटात तीन एलईडी ओळीने, एकातला प्रवाह पुढच्यात जाईल असे, आणि त्यांच्याबरोबर प्रवाहाला आवर घालणारा, तीळभर आकाराचा एक काळा रोधक. मीटरला ६० एलईडी असतील तर दर ५ सेंटिमीटरला एक गट पुरा होतो आणि तिथेच तांब्याच्या दोन ठिपक्यांमधून कापायची रेघ असते. भलतीकडे कापलं तर तो गट गेला. माझ्या पट्टीवरच्या रोधकावर भिंगातून '१५१' वाचता आलं. म्हणजे १५ आणि पुढे एक शून्य, १५० ओहम. एकेका पांढऱ्या एलईडीवर साधारण ३ व्होल्ट पडतात, तिघांवर ९. बॅटरी १२ व्होल्टची धरली तर रोधकाच्या वाट्याला ३ येतात आणि गटातून २० मिलिअँपिअर जातात. माझ्याकडे दोन्ही बाजूंना १.२ मीटर, म्हणजे एकूण ४८ गट. सगळे मिळून १ अँपिअरला जरा कमी.

पण गाडीची बॅटरी १२ व्होल्टची असते हे नुसतं बोलण्यापुरतं. नीट चार्ज झालेली बॅटरी गाडी बंद असताना १२.६ दाखवते आणि इंजिन चालू असताना अल्टरनेटर तिला १४ च्या वर नेतो. हे दोन व्होल्ट जवळजवळ सगळे त्या तिळावर येतात. ३ च्या जागी ५ व्होल्ट, म्हणजे प्रवाह दीडपटीहून जास्त. पट्टी हाताला गरम लागायला लागते आणि वर्षभरात तिचे एकेक गट मरायला लागतात. लोक पट्टीला नावं ठेवतात. मी पट्टीच्या आधी ३ अँपिअरचे दोन डायोड, वीज एकाच दिशेने जाऊ देणारे, ओळीने टाकले. त्या दोघांत मिळून दीड व्होल्टच्या आसपास गळतो. इंजिन बंद असताना उजेड थोडा मंद होतो, पण डोळ्याला तो फरक पहिल्या दिवशी जाणवला तेवढाच.

वीज कुठून घ्यायची यावर मी चार दिवस घालवले. मागच्या लाल दिव्याच्या वायरीतून घेता येते, पण मग पार्किंग लाइट लावल्याशिवाय हौद्यात उजेड नाही. केबिनमागच्या त्या कंपनीच्या दिव्याच्या वायरीतून घेता येते. जुन्या गाड्यांत ते बरंही चालतं. नव्या गाड्यांत मात्र आतल्या दिव्यांना वीज थेट येत नाही, एक इलेक्ट्रॉनिक पेटी ती पुरवते. ती पेटी दिवा हळूहळू मालवण्यासाठी वीज तुकड्यातुकड्यांनी सोडते, बल्ब शाबूत आहे का हे बघायला मधूनच टिचकी मारते आणि जास्त भार दिसला की रुसते. ट्रेलरच्या काही सात पिनांच्या सॉकेटमध्ये कायम चालू असलेली एक पिन असते, तीही एक सोय आहे. माझ्या गाडीला ते सॉकेट नाही. शेवटी सरळ बॅटरीवरून स्वतंत्र वायर मागे न्यायचं ठरवलं. लांबचा रस्ता, पण कुणाच्या अध्यातमध्यात नाही.

इथे शेजारचे काका आले. आयुष्यभर गाड्यांचं वायरिंग केलेला माणूस. आता नजर साथ देत नाही म्हणून काम सोडलंय, बोलणं सोडलेलं नाही. मी कागदावर आराखडा काढला होता, त्यात फ्यूज दिव्यांच्या शेजारी दाखवला होता. हाताशी असावा, बदलायला सोपा.

काकांनी कागद डोळ्यांजवळ नेला. "फ्यूज कुणासाठी असतो?"

"दिव्यांसाठी."

"दिवे जळले तर नवे आणशील. वायर जळली तर गाडी आणशील का? फ्यूज वायरसाठी असतो रे. बॅटरीपासून वीतभर अंतरात बसव."

बरोबरच होतं. बॅटरीपासून मागपर्यंत पाच-सहा मीटर वायर गाडीच्या पोटाखालून जाणार. ती कुठे घासली आणि चेसिसला, म्हणजे बॅटरीचं ऋण टोक जोडलेल्या लोखंडी सांगाड्याला, टेकली, तर मागच्या टोकाला बसलेला फ्यूज काय करणार? मधल्या सगळ्या वायरीतून बॅटरी जेवढी देऊ शकते तेवढा प्रवाह धावणार, आणि गाडीची बॅटरी शेकडो अँपिअर देऊ शकते. मी १ चौरस मिलिमीटरची वायर घेतली. एक अँपिअरला ती पुष्कळ झाली. सहा मीटरमध्ये जेमतेम दशांश व्होल्ट गळतो. फ्यूज ३ अँपिअरचा, जांभळ्या रंगाचा. पात्यांच्या फ्यूजचे रंग ठरलेले असतात: ५ चा फिकट तपकिरी, १० चा लाल, १५ चा निळा. अंधारात हाताला लागेल तो फ्यूज खोचायची सवय असेल, तर हे रंग पाठ केलेले बरे.

वायर टाकण्याच्या कामाबद्दल फार सांगण्यासारखं नाही. पाठीवर पडून करायचं काम आहे आणि तोंडात माती जाते. बॅटरीचं ऋण टोक आधी सोडलं आणि सगळ्यात शेवटी जोडलं. धन आधी सोडायला गेलं आणि पाना बॉडीला लागला की ठिणगी ठरलेली. चेसिसवरून कंपनीच्या वायरींचा जुडगा मागे जातोच, त्याचाच हात धरून माझी वायर नेली, पन्हळी नळीत घालून, दर वीतभरावर पट्टीने आवळून. सायलेन्सरपासून लांब, फिरणाऱ्या शाफ्टपासून लांब. मागच्या कमानपाट्यांजवळ मात्र ती ताणून बांधली नाही, कारण गाडी भरल्यावर तिथलं सगळं हलतं. हौद्यात शिरायला नवीन भोक पाडण्याआधी पाहिलं, तर पुढच्या कोपऱ्यात पाणी निघायला ठेवलेलं भोक रबरी बुचाने बंद केलेलं होतं. त्याच बुचाला छेद देऊन वायर वर घेतली आणि खाली तिला एक झोळ दिला, म्हणजे पाणी वायरीवरून ओघळत आत न येता झोळाच्या तळाशी गळून पडतं.

एक गोष्ट मी नशिबाने बरोबर केली. टप कधीतरी काढावा लागेल, म्हणून हौदा आणि टप यांच्यामध्ये दोन पिनांचा पाणीबंद कनेक्टर टाकला. त्यात खोबणीची बाजू बॅटरीकडे ठेवली आणि उघड्या पिनांची बाजू दिव्यांकडे. उलट केलं असतं तर टप काढल्यावर जिवंत पिना हौद्यात लोंबत राहिल्या असत्या.

पट्टीची पन्हळ जिथे चिकटवायची, ती जागा स्पिरिटने दोनदा पुसली. टपाला आतून मेणाचा कसलासा थर असतो, त्यावर काहीच धरत नाही. कापलेल्या टोकांना सिलिकॉन लावताना काकांनी नळी हुंगून परत दिली. व्हिनेगरसारखा वास येणारं सिलिकॉन तांब्याला खातं. बिनवासाचं, न्यूट्रल आण म्हणाले. आणि जोड सोल्डरचा डाग देऊन न करता दाबून करायचे, हेही त्यांचंच. हादऱ्यांनी वायर सोल्डरच्या काठाशी तुटते, कारण तिथे ती कडक होते आणि लगेच पुढे मऊ असते. मी पट्टीवरचे ठिपके तेवढे सोल्डर केले, बाकी सगळे जोड दाबाचे.

पहिलं बटण साधं होतं. मागच्या कोपऱ्यात, हात घालताच लागेल असं. टक् केलं की उजेड. तीन आठवडे मी त्या उजेडावर इतका खूश होतो की काही काम नसतानाही काच उघडून बघायचो.

मग एका शुक्रवारी रात्री सामान उतरवलं, काच लावली, घरात गेलो. टप काळ्या काचांचा. आतला उजेड दिवसा बाहेर दिसत नाही आणि रात्री मी बाहेर आलो नाही. रविवारी सकाळी रिमोट दाबला. गाडी गप्प. दाराच्या भोकात किल्ली घालून दार उघडलं, स्टार्टर मारला. नुसतं टक्. पुन्हा टक्. मीटरच्या काट्यांनी एकदा अंग शहारल्यासारखं केलं आणि ते खाली पडले. हिशोब नंतर केला: तेव्हा डायोड अजून टाकलेले नव्हते, १ अँपिअरच्या आसपास, छत्तीस तास. ६० अँपिअर-तासांच्या बॅटरीतून निम्म्याहून जास्त उपसलं गेलं होतं. आणि स्टार्टरची बॅटरी अशी खोल उपसण्यासाठी बनलेली नसते. दोन-चारदा असं झालं की ती पुन्हा पहिल्यासारखी होत नाही. मजा म्हणजे जंप केबल हौद्यात होती, आणि हौद्यात अर्थातच अंधार होता.

मुलगी म्हणाली, "फ्रिजमध्ये कसं होतं, तसं कर ना." एवढं साधं.

फ्रिजसारखं म्हणजे दार उघडलं की पेटणार, लावलं की विझणार. दाबाचं बटण बसवता आलं असतं, पण हौद्याच्या तोंडाशी धूळ आणि पाणी इतकं असतं की ते अडकलंच असतं. मी रीड स्विच घेतला. काचेच्या बारक्या नळीत लोखंडाची दोन पातळ पाती, एकमेकांच्या टोकाला जेमतेम सुटी. लोहचुंबक जवळ आला की ती चिकटतात, लांब गेला की सुटतात. हलणारा भाग हवाबंद नळीत असल्यामुळे धुळीला शिरायला वाव नाही. १९३६ साली बेल लॅब्समध्ये वॉल्टर एलवुड यांनी हा काढला, आणि आजही घराच्या दारांवरच्या चोरघंटीत तोच असतो.

चोरघंटीचा म्हणून जो मिळतो तोच मी आणला आणि तिथेच फसलो. तो चुंबक जवळ असताना जोडलेला राहतो. मी काच उघडली, अंधार. काच लावली आणि टपाच्या फटीतून उजेडाची रेघ दिसली. मला हवा होता त्याच्या बरोबर उलट, चुंबक दूर गेल्यावर जोडणारा. तीन वायरींचा एक प्रकार मिळतो, त्यात दोन्ही सोयी असतात. एक समान वायर आणि बाकी दोन उलटसुलट. तो घेतला म्हणजे असा घोळ होत नाही.

रीड स्विचची पाती नाजूक असतात. माझ्या स्विचवर अर्धा अँपिअर लिहिलेलं होतं. त्यातून सगळे दिवे चालवले तर एखाद्या दिवशी पाती एकमेकांना चिकटून बसतील आणि पुन्हा शुक्रवार-रविवार. म्हणून मध्ये रिले, म्हणजे थोड्या विजेने दाबलं जाणारं मोठं बटण. रीड स्विचने फक्त रिलेची गुंडाळी ओढायची, तिला दीडशे मिलिअँपिअरच्या आत लागतात, आणि दिव्यांचा भार रिलेच्या जाड संपर्कांनी उचलायचा. रिलेवर आकडे छापलेले असतात: ८५ आणि ८६ गुंडाळीचे, ३० वर वीज आणायची, ८७ वरून दिव्यांकडे न्यायची. गुंडाळीवर एक उलटा डायोड टाकला, कारण ती सुटताना जो झटका मागे मारते त्याने रीड स्विचची पाती जळतात. काच लावलेली असताना गुंडाळीत काही जात नाही, म्हणजे उभ्या गाडीत बॅटरीवर शून्य भार. जुनं बटणही ठेवलं, ओळीत. दुपारी काच उघडी ठेवून काम करायचं असेल तर उगाच दिवे कशाला?

चुंबक काचेच्या खालच्या कोपऱ्यात, स्विच त्याच्यासमोर चौकटीवर, मध्ये बोटाच्या जाडीपेक्षा कमी फट. पहिल्यांदा जरा जास्त ठेवली होती. खड्ड्यात काच हादरली की दिवे लुकलुकायचे. हे फक्त दिसायला वाईट नाही. चालत्या गाडीच्या मागे पांढरा उजेड दिसला की मागच्याला वाटतं ही रिव्हर्स घेतेय, आणि बहुतेक देशांच्या नियमांत मागे पांढरा दिवा असायची मुभा म्हणूनच इतकी मोजकी आहे. फट कमी केल्यावर ते थांबलं.

खरंच विझतात का हे कळायला मोबाइलवर व्हिडिओ चालू करून तो आत ठेवला आणि काच लावली. मिनिटभर काळं चित्र, त्यात माझं बाहेरून "विझले का गं?" विचारणं आणि मुलीचं "मला काय विचारतोस, मी पण बाहेरच आहे". दुसऱ्या दिवशी बॅटरीच्या ऋण टोकात वीज मोजायचा मीटर ओळीने लावून, गाडीला झोपी जायला अर्धा तास देऊन मोजलं. २८ मिलिअँपिअर. माझा फ्यूज काढून पुन्हा मोजलं, तेच २८. माझ्याकडून गळती नव्हती.

इथे ही गोष्ट संपायला हरकत नव्हती. चार महिने संपलीही होती.

पावसाळा सरता सरता एके रात्री काच उघडली. कोपऱ्यातून रिलेचा टक् असा आवाज आला, दिवे मात्र काजव्यासारखे. आहेत आणि नाहीत. काच लावली, उघडली. टक्. काजवे. रिले ओढतोय म्हणजे वीज येतेय, म्हणजे पट्टीच गेली, असं मी धरून चाललो. पट्टी सोडवली, सुट्या बॅटरीला लावली, लख्ख. मग डायोड गेले असतील. ते बदलले, काजवे. मग रिलेचे संपर्क. नवा रिले, टक्, काजवे. कनेक्टर सोडवून मीटर लावला तर १२.५ व्होल्ट, अगदी ठणठणीत. एक अख्खी सुट्टी यात गेली आणि संध्याकाळी मी ओट्यावर, मांडीत वायरींचं भेंडोळं घेऊन बसलेलो काकांना दिसलो.

"अर्थ, परतीची वायर, कुठून घेतलीस?"

"हौद्याच्या आतल्या बाजूच्या एका स्क्रूवरून. मीटर तर साडेबारा दाखवतंय, काका."

"दिवे जोडून मोजलंस की सोडून?"

"सोडून."

"मीटर नुसतं चाखतं रे. दिवा पितो. पिताना मोज."

मग त्यांनी करून दाखवलं. दिवे जोडलेले, काच उघडी. मीटरची काळी तार एका लांब वायरीने थेट बॅटरीच्या ऋण टोकाला, लाल तार माझ्या अर्थच्या स्क्रूवर. दोन्ही एकच जागा असायला हवी, म्हणजे मीटरवर शून्य किंवा फार तर दशांशाच्या आतबाहेर. मीटरवर २.९ आले. बारा-साडेबारातले जवळजवळ तीन व्होल्ट माझा स्क्रूच खात होता.

आणि मग ते टक् कळलं. रिलेच्या गुंडाळीला नऊ-साडेनऊ व्होल्ट मिळाले तरी ती खुशाल ओढते. एलईडीचं तसं नाही. तीन एलईडींचे ९ आणि माझ्या दोन डायोडांचे दीड, एवढं भरल्याशिवाय ती पट्टी नीट पेटतच नाही. साध्या बल्बने मंद होत होत मला आधीच इशारा दिला असता. एलईडीने आदल्या आठवड्यापर्यंत ठीक चालवलं आणि मग एकदम हात वर केले. रिलेच्या आवाजावर विश्वास ठेवून मी दिवसभर चांगल्या वस्तू बदलत होतो.

स्क्रू काढला. खाली रंग, रंगावर हौद्याला मारलेला जाड काळा थर, आणि माझं थिंबल, वायरीच्या टोकाचं धातूचं कडं, त्या थरावर बसलेलं. वीज फक्त स्क्रूच्या आट्यांतून जात होती, आणि आटे गंजून लाल झाले होते. शिवाय हौदा चेसिसवर रबरांवर आणि बोल्टांवर बसलेला असतो. तो चेसिसशी विजेने नीट जोडलेला असेलच असं धरून चालायचं कारण नाही. टपाचा तर प्रश्नच नाही, फायबरमधून वीज जात नाही. उजेडासाठी मी इतकी उठाठेव केली आणि परतीची वाट अशी वाटेत दिसेल त्या स्क्रूला टांगली होती.

नवी अर्थ वायर चेसिसवर, जिथे कंपनीने स्वतःच्या दिव्यांची अर्थ घेतलेली आहे त्याच्या शेजारी नेली. पॉलिश कागदाने नाण्याएवढी जागा चकचकीत होईपर्यंत खरवडली, थिंबल, वर दातेरी वायसर, बोल्ट घट्ट आवळला आणि नंतर वरून ग्रीस. आधी ग्रीस लावायचं नाही, हे काका दोनदा म्हणाले, जणू मी तेच करणार होतो. खरं तर मी तेच करणार होतो. पुन्हा मोजलं: ०.०४ व्होल्ट.

त्यानंतर दोन पावसाळे गेले. दिवे पेटतात, विझतात. बोनेटखाली फ्यूजच्या डबीला टेपने एक सुटा जांभळा फ्यूज चिकटवून ठेवलाय, तो अजून लागलेला नाही. चाकाच्या कमानीमागचा उजवा कोपरा मात्र अजून अंधारातच आहे. दोन्ही बाजूंचा उजेड कमानीच्या फुगवट्याला अडतो आणि नेमक्या तिथेच सगळ्या बारक्या वस्तू गडगडत जाऊन बसतात. पट्टीचे सहा गट शिल्लक आहेत, ३० सेंटिमीटर; मुलगी गेल्या महिन्यात तेच हातात घेऊन कमानीवर धरून बघत होती. मी म्हटलं, आधी गुडघ्यांवर बस आणि तुझ्या डोळ्यांत जातंय का बघ.